तराईचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या अमरावतीच्या कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटांवर रेतीचे ढीग पडू लागतात. यंदा अगदी शेजारीच पडला. सकाळी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी झाली, आमच्या मांडणीतली भांडी हादरली आणि नवरा उशीत तोंड खुपसून म्हणाला, "झालं सुरू." त्याला वैताग आला होता. मी मात्र उठून गॅलरीत गेले. मला हे आवाज आवडतात. आधी रेती ओतल्याचा, मग घमेल्याच्या काठावर फावडं घासल्याचा, आणि काही दिवसांनी विटेवर करणीच्या, म्हणजे मिस्त्र्याच्या थापीच्या, दांड्यानं मारलेल्या दोन टिचक्यांचा. वऱ्हाडात घर बांधायचा हंगाम हाच. सगळं गाव उन्हाला भिऊन दारं लावून बसतं तेव्हा आमच्याकडे भिंती वर येतात, कारण पावसाच्या आत जोतं झालं नाही तर काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मग पायव्यात उतरायची सोय राहत नाही.

या दिवसांत मी जरा भ्रमिष्टासारखी वागते असं नवऱ्याचं म्हणणं आहे. लोकांच्या बांधकामावर जाऊन भिंतीवर टाकलेल्या पोत्याला हात लावून बघते. कोरडं लागलं तर तिथल्या मिस्त्र्याला हटकते. मागे एकानं विचारलं, "बाई, तुमी इंजिनेर काय?" मी म्हटलं, "नाई, मिस्त्र्याची पोट्टी." तो लगेच बादली घेऊन उठला. त्यात माझा दरारा किती आणि मला वाटेला लावायची त्याची घाई किती, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

नव्या बांधकामाला दिवसातून पुन्हा पुन्हा पाणी पाजायचं, त्याला आमच्याकडे तराई म्हणतात. सिमेंट वाळून घट्ट होतं असा लोकांचा समज असतो. ते पाणी पिऊन घट्ट होतं. घाईनं वाळलं तर त्याचं पीठ होतं. ही गोष्ट मी मिस्त्र्याच्या घरात जन्मूनही फार उशिरा शिकले, आणि ज्या उन्हाळ्यात शिकले तो अकोल्यातला होता.

माझे बाबा अकोल्यात मिस्त्री. मोर्णेच्या काठच्या जुन्या वस्त्यांपासून पार बाहेरच्या नव्या लेआउटपर्यंत त्यांनी बांधलेली घरं उभी आहेत. लहानपणी आम्ही सायकलवरून जायचो तेव्हा ते हँडल न सोडता नुसत्या हनुवटीनं दाखवायचे, हे आपलं, तेही आपलं. मला बरीच वर्षं वाटायचं की आम्ही फार श्रीमंत आहोत. आमच्या स्वतःच्या घराला मात्र समोरून गिलावा नव्हता आणि दारापुढे ओटाही नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आई दर उन्हाळ्यात टोमणा मारायची, "साऱ्या गावाले ओटे बांधून देल्ले, आमी बसाव कुठी?" बाबा म्हणायचे, "पुढच्या साली." ते "पुढच्या साली" इतक्या ठामपणे म्हणायचे की आईलाही दरवेळी खरं वाटायचं.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर एका सकाळी चहा पिता पिता त्यांच्या हातातून पेला सुटला. लकवा. उजवा पाय काही आठवड्यांत बऱ्यापैकी सावरला, उजवा हात अर्धाच. आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. आईनं भाजीत मीठ विसरलं तर चेहऱ्यावर दिसायचं. पण सांगायला गेले की छातीत श्वास भरायचे, ओठ हलायचे, एखादं "त... त..." बाहेर यायचं, मग ते डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसाची हाक तिसऱ्या मजल्यावरून खाली रेती चाळणाऱ्या बाईपर्यंत सरळ पोचायची तो माणूस आता पाणी हवं असलं तरी भिंतीवर बोटं वाजवायचा.

लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, जीव वाचला ना, मग झालं. आईनंही मनाशी ठरवून टाकलं होतं की देवानं दिलं तेवढं पुष्कळ. "बसू दे त्यायले उगेमुगे," ती म्हणायची. मला ते पटत नव्हतं. मला बाबा बोलायला हवे होते. हात नसता आला तर मी रडले असते आणि गप्प बसले असते, पण ते बोलणं मला परत हवं होतं, आणि त्यासाठी जे करावं लागेल ते करायचं असं मी ठरवलं. पहिले काही महिने महत्त्वाचे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी चांदूर बाजारजवळच्या एका खेड्यात शाळेवर शिक्षिका आहे. विदर्भातल्या शाळा जून संपता संपता उघडतात. उन्हानं आमच्यावर केलेली तेवढी एक मेहेरबानी. सुट्टी लागली त्याच दिवशी मी अकोल्याच्या गाडीत बसले. नवऱ्याची एकच अट होती, मधल्या काळात बार्शीटाकळीला त्याच्या चुलतभावाचं लग्न होतं, तिथं यायचं.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, आवाज हळू, घाई अजिबात नाही. त्या चित्रांचे पत्ते दाखवायच्या. सफरचंद, विमान, सिंह. बाबा प्रत्येक पत्ता नीट बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, जणू या मुलीला काय उत्तर द्यावं ते मीच सांगावं. दोन-तीन खेपा अशा गेल्यावर मॅडमनी पत्ते खाली ठेवले आणि मला विचारलं, "बाबा काय काम करायचे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी सिंह कशाला दाखवतेय? त्यांचं सामान घरी आहे ना? ते दाखवा. हातात द्या. शब्द गेलेले नाहीत, ताई. वाट बुजली आहे. रोजच्या पायाखालची वाट आधी मोकळी होते."

सामान पलंगाखाली एका पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. दसऱ्याला लावलेल्या हळदीकुंकवाचे डाग अजून त्यावर होते. मी पोतं ओढलं आणि फरशीवर सगळं मांडलं. करणी, तिचं पातं एका बाजूनं झिजून तिरपं झालेलं. रंधा, म्हणजे गिलावा घोटायची लाकडी पाटी. काटकोन बघायचा लोखंडी गुण्या. पातळी बघायची पाणसळ, काचेच्या नळीतला तिचा बुडबुडा अजून जिवंत होता. छन्नी, हातोडा, दोरीचं गुंडाळं. लोखंडाचा, जुन्या चुन्याचा आणि घामाचा वास खोलीभर झाला. बाबा पलंगावर बसून होते. भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा, दोरीला बांधलेला ओळंबा मी उचलला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. तो हलत होता. ते त्याच्याकडे बघत राहिले. बाहेर गच्चीवर जायच्या तयारीत आई कुरडईचा साचा घेऊन दारात थबकली होती. ओळंबा हळूहळू स्थिर झाला, आणि तो पुरता थांबल्यावर बाबा म्हणाले, "ओ... ळंबा."

आईच्या साच्यातून चीक तिच्या पायावर गळत होता आणि तिला पत्ता नव्हता. मी हट्टानं पुन्हा विचारलं, "काय हाय हे, बाबा?" तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एवढं सांगूनही या पोरीला कळत नाही. "ओळंबा," ते म्हणाले. या वेळी न अडखळता.

त्यानंतरचे दिवस आमच्या घरात मोठ्या गमतीचे गेले. आठवडाभरात पोत्यातलं बहुतेक सामान त्यांच्या तोंडी आलं, पण दुसरे शब्द येईनात. मग त्यांनी त्याच सामानावर संसार चालवायला सुरुवात केली. चमचा हवा असला की "करनी." मीठ म्हणजे "रेती." फुटाण्यांना "गिट्टी." वरण पातळ झालं तर "माल... नाई." म्हणजे त्यात सिमेंट कमी पडलं. मला ते गुण्या म्हणू लागले आणि आईला पाणसळ. आईला राग आला. "इतकी वर्सं यायचं केलं, आन् मी पानसळ काय?" मी तिला समजावलं की पाणसळ खोटं बोलत नाही, मिस्त्री सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच ठेवतो. मग दुपारी मंदाकाकूंना, म्हणजे समोरच्या घरातल्या काकूंना, तिनं हे आपल्या पद्धतीनं सांगितलेलं मी ऐकलं. त्यात विश्वास जरा वाढला होता.

अकोल्याचा मे ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. सकाळीच दाराची कडी तापायची. गल्लीतून जाणारी माणसं दुपट्ट्यानं डोकं-तोंड गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायची. खिडकीत कूलर घरघरत असायचा आणि त्याच्या वाळ्याचा ओला वास घरभर भरलेला असायचा. गच्चीवर कुरड्या, सांडगे, पापड. संध्याकाळी आमरस. त्या सगळ्याच्या मधे एक म्हातारा माणूस "करनी, करनी" म्हणत रसाची वाटी पुढे करायचा आणि मी त्यांच्या डाव्या हातात चमचा द्यायचे. मी खूश होते, पण समाधानी नव्हते. शब्द आले होते, वाक्य नव्हतं. एकटी वीट कितीही पक्की असली तरी तिच्यावर माणूस टेकत नाही.

मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आता त्यांना कामात घाला. काम करताना एक शब्द दुसऱ्याला बोलावतो." मी घरी येऊन आईला म्हटलं, "आपण ओटा बांधू."

"कोन बांधीन?"

"मी. बाबा सांगतीन."

"ते सांगतीन?" आई म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं पदर तोंडाला लावला. पण दुसऱ्या दिवशी तीच खणायची टिकास घेऊन अंगणात उभी होती. लगीनसराई आणि बांधकामाचा हंगाम एकाच वेळी. ओट्यासारख्या चिल्लर कामाला मिस्त्री मिळण्याची आशा नव्हती, आणि मिळाला असता तरी मी बोलावला नसता.

आम्ही उजाडताच काम करायचो आणि ऊन भिंतीवर चढायच्या आत थांबायचो. बाबा दारात खुर्चीवर. आई आणि मी खणायचो. काळी माती निघत होती तोवर ते मान हलवत राहायचे, अजून, अजून. पिवळा मुरूम लागला तेव्हा त्यांनी डावा तळहात आडवा धरला आणि म्हणाले, "बस." नवा शब्द. मी मनातल्या मनात त्याची नोंद केली. विटा ड्रममध्ये भिजत टाकल्या की त्या सूं करून पाणी प्यायच्या आणि बुडबुडे वर यायचे. आई ते बघून डोळे फिरवायची. दोरी ताणली, पहिला थर लावला. माझ्या विटा रांगेत बसता बसत नव्हत्या. बाबा करणीचा दांडा डाव्या हातात धरून खुर्चीतून वाकायचे आणि चुकलेल्या विटेला एक टिचकी द्यायचे. "दोरी," ते म्हणायचे. कधी "वर." कधी "पाह्य." आणि मी बघितलं नाही तर आणखी मोठ्यानं "पाह्य." ते रागवत होते. रागवलेले बाबा मला परत मिळाले होते, मी घामानं न्हाऊन निघाले होते, पाठ मोडली होती आणि मला फार बरं वाटत होतं.

ओटा उभा राहिला, वरून गिलावा झाला. बाबांनी माझा हात आपल्या डाव्या हातात धरून रंधा फिरवला. ओल्या गिलाव्यावर सकाळचं ऊन पडलं होतं आणि तो गुळगुळीत दिसत होता. त्यावर आम्ही भिजवलेली पोती पांघरली. दुसऱ्या दिवशी मला बार्शीटाकळीच्या लग्नाला निघायचं होतं. मी आईला बजावून सांगितलं, पोती कोरडी होऊ द्यायची नाहीत, सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी. आई "हाव, हाव" म्हणाली.

इथं आईबद्दल सांगायला हवं. अकोल्यात नळ रोज येत नाही. कधी येईल ते नळालाच ठाऊक. तो आला की सगळं घर ड्रम, बादल्या, हंडे, पातेली मांडून उभं राहतं, आणि मग पुढचा नळ येईपर्यंत ते पाणी पुरवायचं असतं. आई त्यातली उस्ताद. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं कढीपत्त्याला. पेल्यात उरलेलं घोटभर पाणी तिनं जन्मात कधी मोरीत ओतलं नसेल. पाहुण्यांना ती अर्धा पेला देते आणि हवं तर पुन्हा देते. अशा बाईला मी सांगून गेले होते की भिंतीवर पाणी ओत.

लग्न चांगलं दणक्यात झालं. मी तिथं असताना इकडे ऊन भडकलं. डॉक्टरांनी बाबांना बाहेर काढू नका म्हणून सांगितलं, म्हणून ते आतल्या खोलीत कूलरसमोर पडून राहिले. कूलरही पाणी पितो, बादल्यांनी पितो. आणि त्या दिवसांत नळ आलाच नाही. आईसमोर दोन तहानलेले होते, नवरा आणि ओटा. तिनं पाणी कूलरमध्ये ओतलं. ओट्याच्या पोत्यांवर ती हातानं चार शिंतोडे मारायची, देवाला पाणी दाखवावं तसे. कुठल्याही बाईनं हेच केलं असतं.

मी परत आले त्या संध्याकाळी वारा जरा उतरला होता. मी बाबांना धरून दारात आणलं, खुर्चीवर बसवलं आणि मोठ्या ऐटीनं पोती बाजूला केली. गिलावा पांढराफटक पडला होता. त्यावर केसासारख्या भेगांचं जाळं होतं. बाबांनी करणी मागितली. दांड्यानं ओट्यावर ठोकलं, भद्द आवाज आला. मग नखानं ओरखडलं. नखाखाली भुकटी आली आणि ती त्यांनी चोळून खाली सोडली.

त्यांचा चेहरा लाल झाला. श्वास छातीत भरला, ओठ थरथरू लागले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला भीती वाटली की पुन्हा काही होतंय. आई घाबरून आत धावली आणि पेला घेऊन आली. भरलेला, काठोकाठ. तिनं तो त्यांच्या ओठांशी नेला. "घ्या, पानी घ्या, शांत व्हा."

बाबांनी डाव्या हातानं पेला दूर सारला.

"मले नको," ते म्हणाले.

त्यांनी ओट्याकडे बघितलं. शब्द शोधताना त्यांचे डोळे इकडून तिकडे फिरत होते.

"त्याले पाज."

गल्लीत कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. आई पेला हातात धरून उभी होती. मग ती वाकली आणि ते पाणी तिनं ओट्यावर ओतलं. सुकलेल्या गिलाव्यानं ते पिऊन टाकलं. आई तिथंच खाली बसली आणि रडू लागली, आणि रडता रडताच म्हणाली, "पाजतो बाप्पा, पाजतो. आता रोज पाजतो." मी हसत होते की रडत होते ते मला आजही सांगता येणार नाही. पाच महिने ज्या वाक्यासाठी मी देवाशी, डॉक्टरांशी आणि स्वतःशी भांडत होते ते वाक्य आलं, आणि ते ओट्याची बाजू घेऊन आईला रागावण्यासाठी आलं. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. बाबा होतेच तसे.

आईनं डोळे पुसून तडजोड सुचवली. आता भरपूर पाणी पाजू, सुधारेल. बाबांनी मान हलवली. "तोड," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोडला. पहिला हातोडा आईनं घातला, मला हातच लावू दिला नाही. माल इतका कच्चा होता की विटा अखंड सुटून येत होत्या. आम्ही त्या छन्नीनं खरवडून साफ केल्या, पुन्हा भिजवल्या, पुन्हा दोरी ताणली. या वेळी माझा थर पुष्कळ सरळ आला. आता कधी कधी दोन-दोन शब्द जोडीनं येऊ लागले होते. "माल घट्ट." "दोरी ढिल्ली." एकदा शेजारचा कुत्रा ओल्या गिलाव्याकडे निघाला तेव्हा "हाकल त्याले", तेही इतक्या जोरात की कुत्रा गल्लीच्या टोकापर्यंत थांबला नाही.

तराईची व्यवस्था आईनं हातात घेतली आणि मग काही विचारू नका. जिचा हात आखडता होता तिचाच हात आता सैल सुटला. मंदाकाकूंच्या घरचं धुण्याचं शेवटचं पाणी, कुणाच्या कूलरच्या टाकीतलं उरलेलं, कुणाच्या माठाखालच्या परातीतलं. बाया बादल्या घेऊन यायच्या आणि बाबा दारातून तपासायचे. पाण्यावर फेस दिसला की म्हणायचे, "साबन. नाई." बाई निमूट परत जायची. पोती दिवसभर ओली राहायची आणि त्यांचा तो ओल्या तागाचा वास अंगणात भरून असायचा. अजूनही कुठं तो वास आला की मी चालता चालता थांबते.

मॅडम सगळं ऐकून खूप हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आता अवघड टप्पा आहे. ते समोर दिसतं त्याबद्दल बोलतात. जे डोळ्यांसमोर नाही, काल झालं किंवा उद्या होईल, त्याबद्दल बोलणं सगळ्यात शेवटी येतं. कुणाला येत नाहीही. रोज विचारत राहा. पण चिडू नका." मी चिडले नाही. रोज संध्याकाळी नव्या ओट्यावर त्यांच्या शेजारी बसायचे आणि विचारायचे, "बाबा, काल काय खाल्लं?" ते समोरच्या ताटाकडे बोट दाखवायचे. "उद्या काय करायचं?" ते गल्लीत बघायचे आणि जे दिसेल ते सांगायचे. "सायकल." "गाय." "मंदा." मी पुन्हा विचारायचे. आई म्हणायची, "काहून छळून राहिली वं त्यायले?" मी म्हणायचे, छळतेय तर छळतेय. सुट्टी संपत आली होती आणि माझा हट्ट काही संपला नव्हता.

ओटा मात्र फार छान झाला. संध्याकाळी दिवसभराचं ऊन त्याच्या पोटात असायचं आणि बसल्यावर ते ऊबदार लागायचं. गल्लीतली माणसं येता-जाता थांबायची. बाबा हातानं ओट्यावर थापटून त्यांना बसायला जागा दाखवायचे. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे, नाही आलं तर करणी उचलून बोट नाचवल्यासारखी नाचवायचे, आणि लोक समजून घ्यायचे. माणसाला घरात ठेवून बरं करता येतं असं मला वाटत नाही. त्याला दारात बसवावं लागतं.

जायचा दिवस आला. आभाळ भरून येत होतं आणि उकाडा जीव घेत होता. दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. आईनं कुरड्यांचा डबा, लोणचं, एका फडक्यात बांधलेली हळद असं माझ्या पिशवीत कोंबलं. बाबा ओट्यावर बसले होते. मी वाकून पाया पडले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आज मी त्यांना काही विचारणार नव्हते. निघताना मास्तरीण होऊन जायचं माझ्या जिवावर आलं होतं. मनात एवढंच होतं, जे आलं तेही थोडं नाही, उरलेलं दिवाळीत बघू.

मी फाटकापर्यंत गेले असेन.

"पोट्टी."

मी वळले. त्यांनी श्वास भरून घेतला होता. डोळे मिटलेले. मी पिशवी हातात धरून उभी राहिले, आणि त्यांना मदत करायची नाही, शब्द सुचवायचा नाही, असं स्वतःला बजावत राहिले.

"दिवाळीले," ते म्हणाले. थांबले. "दिवाळीले ये."

"येतो, बाबा."

त्यांनी नको असल्यासारखी मान हलवली. अजून संपलं नव्हतं. "न्हानी," ते म्हणाले, आणि मागं न बघता अंगठा खांद्यावरून घराच्या पाठीकडे केला. आमची न्हाणी घरामागे होती, म्हणजे तीन पत्रे आणि एक फाटका पडदा. आई त्यांना तिथं धरून धरून आंघोळ घालायची आणि ते तेवढा वेळ डोळे घट्ट मिटून घ्यायचे. ओट्यावरून तिथलं काहीच दिसत नव्हतं.

"न्हानी बांधू," बाबा म्हणाले. "मी... तू. पक्की."

मी परत आले. पिशवी ओट्यावर ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले. विचारलं, किती रुंद घ्यायची? त्यांनी दोन हात पसरले, उजवा अर्धाच पसरला, तर डावा जास्त पसरून त्यांनी माप पुरं केलं. धरायला कठडा? "दोन." दार कुठल्या बाजूनं? त्यावर ते जरा विचारात पडले, मग बोलू लागले. तुटक, अडखळत, मधेच चुकीचा शब्द, तो हातानं पुसून टाकून दुसरा. पाणी कुठून उतरेल, पत्रा कोणता, मोरी कुठं. मी मधे मधे "बरं" म्हणत होते. गाडीची वेळ झाली आणि गेली.

समोरून मंदाकाकू दारात आल्या आणि आईला हाक मारून म्हणाल्या, "काहून वं, पोट्टी गेली नाई अजून? गाडी सुटली ना तिची."

आई उंबऱ्यावर उभी होती. हलकेच म्हणाली, "सुटू दे, मंदा. तिचा बाप बोलून राहिला."